उभ्याने लिहिणाऱ्यांची पेनं

ही पेनं टेबलाशी बसणाऱ्यांची नव्हेत.
ही उभ्याने लिहिणाऱ्यांची:
साकाइमिनातोच्या धक्क्यावर पहाटे
खेकड्यांचा भाव टिपणाऱ्याची,
दारोदार गॅसचे मीटर वाचणाऱ्याची,
रात्रपाळीच्या नर्सची, जिच्या खिशात
थर्मामीटर आणि पेन एकाच उंचीचे.

मिटलेलं असताना बोटभर,
त्यातही निम्म्याहून जास्त टोपणच.
उघडलं की आत एवढंसं बुटकं अंग,
पाहुण्यांसमोर ढकललेल्या पोरासारखं.
मग टोपण मागे चढवायचं. टक्.
आणि पेन हाताला पुरतं.
जे झाकत होतं त्यानेच लांबी दिली,
हे मला पन्नाशीत कळलं,
माणसांकडून नाही.

मी मासळीच्या शीतगृहात तापमान लिहिते.
उणे पंचवीस, दर दोन तासांनी, उभ्याने.
तिथे बॉलपेन गारठून मुकं होतं.
हे मात्र आतल्या खिशात, बरगडीला लागून,
माझ्याच उबेवर वाहतं राहतं.
लवकर लिहायचं, लवकर मिटायचं.

घरी सेनबेईच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस आहेत.
योशिहारू म्हणतो, हात तर दोनच तुला,
त्यातला डावा तर अक्षरशत्रू.
मी म्हणते, तुझे गळ किती?
मग आम्ही दोघंही चहा पितो.

मार्चअखेर हामादाचं फुरुमोतोंचं दुकान बंद होणार होतं.
फळ्या विकल्या होत्या, खोडरबरं वाटून टाकली होती.
खालच्या खणात, चिठ्ठीत गुंडाळलेलं एक,
काळं, क्लिपवर चंदेरी रेघ.
"ते नाही," म्हातारा म्हणाला,
"ते दुरुस्तीला आलंय."

चिठ्ठीवर: नागोशी. शोवा सेहेचाळीस, ऑक्टोबर.
शाई अडते. ऐंशी येन.

मी तेव्हा सहा वर्षांची.
इतकी वर्षं एक पेन दुरुस्तीला आलेलं,
आणि हे गृहस्थ रोज खण उघडून
उद्या बघू म्हणत राहिलेले.
"आधी वडील गेले, मग लग्न, मग डोळे,"
ते बोटं मोडत मोजू लागले, आणि थांबले.
"नागोशीही कधी विचारायला आला नाही.
लाजला असेल. मी पण लाजलो."

मग चिठ्ठीसकट पेन माझ्या तळहातावर ठेवून
वर स्वतःचा हात ठेवला.
पैसे घेईनात.
"चालू तेवढं करा. माझ्याकडून राहून गेलं."

रात्री कोमट पाण्याचा पेला.
निब बुडवली. काहीच नाही.
योशिहारू झोपला. फ्रिज घरघरला.
दीड वाजता जिभलीखालून
एक निळा धागा सुटला,
आधी केसाएवढा, मग बोटाएवढा,
मग पेला भरून.
जिभेवर आलेलं अडतं म्हणतात,
ते असं, सुकून, थरावर थर.

मी ते पाणी ओतलं नाही.
ड्रॉपरने तेच परत पेनात भरलं
आणि फुरुमोतोंना कार्ड लिहिलं:
पेन चालतं.
अक्षरं इतकी फिकी की पोस्टमनला
दिव्याखाली धरावी लागली असतील.
पत्ता तेवढा शहाणपणाने दुसऱ्या पेनाने घातला.

उत्तर आलं नाही. येईल असं म्हटलंही नव्हतं.

हे डब्यात ठेवत नाही. बत्तीस म्हणत नाही.
योशिहारूने मोजून पाहिलंय, एकतीसच.
हे नागोशींचं आहे,
माझ्याकडे फक्त दुरुस्तीला.
चिठ्ठी टोपणाभोवती तशीच, रबर लावून.

मधल्या काळात मी ते वापरते.
अडू नये म्हणून वापरावंच लागतं.
आज त्याने लिहिलं:
उणे चोवीस. उणे पंचवीस. दार नीट लागत नाही.
आणि हाताच्या पाठीवर, घाईत,
तोफू, शिंपल्या, बल्ब.